श्रावणातली बाळं

नंदाताईंनी जुनी नोंदवही मांडीवर घेतली आणि पहिल्याच पानावर स्वतःचं पंचविशीतलं अक्षर बघून त्यांचा हात थांबला. कशेळ्याहून दीड तास चढून वाडीवर यायचं, खांद्याला लसींची पेटी, वाटेत कुणीतरी ओंजळभर करवंदं द्यायचं. नर्सची नोकरी संपल्यावर आज त्या पहिल्यांदाच इथे आल्या होत्या, तेही जीपने.

त्यांना घेऊन आली होती प्रिया. कोणत्या महिन्यात किती बाळंतपणं होतात, दिवस कधी राहावेत हे जोडपी कसं ठरवतात, याचा ती अभ्यास करत होती.

"मॅडम, तुमच्या सगळ्या वह्या मोजल्या मी. जुलै-ऑगस्टात जन्मच नाहीत जवळजवळ, आणि ऑक्टोबरात एकदम गर्दी. पावसात ओढा भरतो म्हणून बायका आधीपासूनच ठरवायच्या. हे तुमचंच काम."

नंदाताई सुखावल्या. दारोदार गोळ्यांची पाकिटं घेऊन, पुरुष कामावर गेल्यावर बायकांशी हळू आवाजात बोललेल्या कितीतरी दुपारी त्यांना आठवल्या.

"म्हणजे पावसाळ्यात इथे नर्स ठेवायची फारशी गरज नाही, असं लिहिता येईल," प्रिया म्हणाली.

शेजारी नाचणी पाखडणारी बुधी थांबली. वाडीतली निम्मी माणसं या सुईणीच्या हातावर जन्मलेली.

"पावसात बी व्हायची पोरं," ती म्हणाली. "बाई नव्हत्या येत. ओढा उतरला का यायच्या, मांडीवरचं पोर बघायच्या न् लिवायच्या."

नंदाताईंनी वहीतलं ऑक्टोबरचं पान उघडलं. 'दसऱ्याच्या आसपासचं ना गं?' असं त्याच विचारायच्या. पोरं हाडकुळी, वयापेक्षा लहान दिसायची. बायका मान हलवायच्या.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुमी एवढ्या लांबून यायच्या. आमाला बरं वाटायचं."

नंदाताईंनी प्रियाकडून कोरा कागद मागून घेतला.

"सांग आता."

"मंगळी. नागू. पोशाची धाकटी..." बुधी बोटांवर मोजत राहिली. कागद भरत आला.

"मॅडम, आलेख सगळाच बदलेल," प्रिया म्हणाली.

"बदलू दे."

बुधी मध्येच थबकली. "येक बिननावाचा हाय. तीन दिस जगला. त्याला लिवायचं का?"

"कुणाचा?"

"माझा. भात लावून झालं होतं. दसऱ्यानंतर तुमी आल्या तवा मी घरातनं भायेर नाय आले."

उंबऱ्याशी आवाज देऊन, 'झोपली असेल' म्हणत पुढच्या घरी गेलेल्या नंदाताईंना ती सकाळ आठवली. त्यांनी लिहिलं: ऑगस्ट, मुलगा. मग आईच्या नावापाशी पेन अडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बुधीला तिचं पूर्ण नाव विचारलं.