टिश्यूतलं इन्फेक्शन

जळगावच्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा लोटन पाटील केळीच्या बागेत होता. "आबा, तुमचा रिपोर्ट आलाय. टिश्यूत इन्फेक्शन आहे. उद्या या," म्हणत दवाखान्यातल्या पोरीनं फोन ठेवलासुद्धा!

आता टिश्यू म्हटल्यावर रावेरकडच्या माणसाला दुसरं काय आठवणार? प्रयोगशाळेत वाढवलेली केळीची रोपं! गेल्या साली लोटनच्या टिश्यूवर हरण्या रोग आला होता. त्याला औषध नाही. रोप मुळासकट उपटायचं, पुरायचं आणि शेजारच्या रोपांवर डोळा ठेवायचा. दवाखान्यात लोटनच्या पोटात दुर्बीण घालून तपासायला तुकडा नेला होता, त्यातच रोग निघाला; म्हणजे आता पोटच काढणार! रात्री त्यानं ताट तसंच सारलं. बायकोनं, बेबाबाईनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसला.

दुसऱ्या दिवशी बेबाबाईला घेऊन डॉक्टर मयुरीताईंपुढे बसताच त्याला रडू फुटलं. "ताई, माह्यं पोट उपटनार का?"

"अहो आबा, पोट कशाला उपटू?" त्या हसल्या. "जंतू आहेत. पोटाच्या आतल्या चिकट थरात दडून बसलेत. तुमच्या रक्तातल्या रक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, पण ते काही हाती लागत नाहीत. मार बसतो तो पोटाच्या अस्तराला. म्हणून सूज, म्हणून जळजळ. यावर औषध आहे. गोळ्या मात्र अर्ध्यात सोडायच्या नाहीत."

औषध आहे! लोटनचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत त्यानं बागाईतदाराच्या सवयीनं विचारलं, "अन् शेजारचं झाड?"

"बरोबर विचारलंत. हे जंतू घरात एकाचे दुसऱ्याला लागतात. अक्का, तुम्हाला काही त्रास?"

बेबाबाई लग्न झाल्यापासून त्याच्याच ताटात, त्याच्या मागून जेवायची. तिनं पदर तोंडाशी नेला. "जळजळ व्हते. लई दिसांची. म्हटलं, आधी ह्यायचं दुखनं बरं होऊ द्या."

"शौचाला काळं होतं?"

तिनं खाली बघत होकाराची मान हलवली. डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी लोटनचा रिपोर्ट बाजूला ठेवला, नर्सला हाक मारली आणि बेबाबाईला पलंगावर निजवायला सांगितलं. अक्काच्या पोटातून रक्त जात असावं, आज घरी नेता येणार नाही, असंही म्हणाल्या.

लोटन खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेला. पडद्याआड बेबाबाई नर्सला विचारत होती, "त्यायच्या गोळ्या जेवनाआधी का मंग?"

बागेतलं एकेक रोप तो रोज वाकून बघायचा. हिच्याकडे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.