अर्धी जिलेबी

ईराच्या मानेवर मागून काळा पट्टा दिसू लागला, तेव्हा मला तो मळ वाटला. मान नीट घासत जा म्हणून मी तिला दोनदा ओरडलो. एका रविवारी तिच्या आईने, म्हणजे माझ्या मुलीने, अर्चनाने, बेसन आणि दही लावून घासून पाहिलं. मान लाल झाली, पट्टा गेला नाही. ईरा तेरा वर्षांची आहे. त्या दिवसापासून तिने केस वर बांधणं सोडलं.

अर्चना नवा रायपूरच्या सरकारी ऑफिसात जाते. सकाळी साडेआठला निघते, संध्याकाळी सातला येते. जावई कोरब्याला नोकरीला, शनिवारी येतो. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात शाळा सुटल्यावर ईरा आणि मी. स्वयंपाकाला बाई येते, पण सकाळचा नाश्ता माझ्याकडे. मला पोहेसुद्धा करता येत नाहीत, म्हणून मी कोपऱ्यावरच्या भैय्यालालकडून आणतो. पोहे आणि जिलेबी. मी दुकानाशी पोचायच्या आत तो पुडा बांधून ठेवायचा.

जिलेबीचं कारण सांगतो. माझ्या बायकोला, विजयाला, अठरा वर्षं मधुमेह होता. शेवटी तो किडनीवर गेला. तिच्या खाण्यापिण्यावर माझी नजर असायची. शेवटच्या दिवाळीत ती म्हणाली, "एक जिलेबी द्या ना हो. एकच." मी नाही म्हटलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. सतरा दिवसांनी ती गेली. याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून खायच्या गोष्टीला नाही म्हणणं मला जमत नाही. आणि घरात मागणारी ईराच आहे.

ऑगस्टमध्ये आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. देवयानी डॉक्टर आमच्या ओळखीतल्याच. त्यांनी ईराचे केस बाजूला करून मान पाहिली.

"काका, हा मळ नाही. पोरीची मान घासू नका. शरीराला साखर सांभाळायला जास्त इन्सुलिन लागून राहिलं, त्याची ही खूण असू शकते. रक्त तपासू."

रिपोर्टमध्ये दोन आकडे निघाले. ड जीवनसत्त्व अकरा. ते निदान वीसच्या वर हवं. आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर पाच पूर्णांक नऊ. साडेसहाला मधुमेह म्हणतात, ही त्याच्या अलीकडच्या पट्टीत होती.

"रायपुरात का उन्हाची कमी आहे?" मी विचारलं.

"ऊन भरपूर आहे. पण ही उन्हात कधी असते, ते सांगा."

मी आठवून पाहिलं. शाळेची व्हॅन, वर्ग, ट्यूशन. आईच्या मागे स्कूटीवर बसली तर तोंडाला स्कार्फ, हातात मोजे. घरी आली की पडदे ओढलेल्या खोलीत मोबाईल.

डॉक्टरांनी आठ आठवडे दर रविवारी ड जीवनसत्त्वाची एक पुडी दुधातून द्यायला सांगितली. रोज तासभर खेळ, थोडं ऊन, गोड बंद, असंही सांगितलं. माझ्या डोक्यात पुडी राहिली. ड कमी म्हणून साखर वाढली, पुडी पोटात गेली की साखर उतरेल, असं मी धरून चाललो. पुडी द्यायला एकही रविवार चुकलो नाही. जिलेब्या तीनच्या जागी दोन केल्या. तेवढ्यात मला पथ्य केल्यासारखं वाटत होतं.

दिवाळीनंतर पुन्हा तपासणी झाली. ड जीवनसत्त्व छत्तीस. साखर सहा पूर्णांक एक.

"लॅबवाल्यानं गडबड केली असेल," मी म्हणालो.

"गडबड नाही, काका. पुडीनं तिचं काम केलं. ड कमी असलेल्या मुलांमध्ये साखरेची तक्रार जास्त दिसते, हे खरं आहे. पण ड भरून काढलं की साखर आपोआप उतरते, असं पक्कं कोणी सांगू शकत नाही. काही संशोधनांत फायदा दिसला, काहींत नाही. पुडी मी तिच्या हाडांसाठी दिली होती. साखरेसाठी जे सांगितलं, त्याचं काय केलं?" मग त्या ईराकडे वळल्या. "नाश्त्याला काय खातेस?"

"पोहा," ईरा म्हणाली आणि जमिनीकडे पाहत राहिली.

पोरगी मला वाचवत होती.

"पोहे आणि जिलेबी," मी म्हणालो. "रोज. मी आणतो."

घरी परत आल्यावर चप्पल काढताना अर्चना म्हणाली, "बाबा, आईले तुम्ही तांदळाचे दाणे मोजून देत होते. अन् हिले?"

पुढच्या रविवारी मी भैय्यालालकडून फक्त पोहे घेतले. तो पुडा हातात धरून उभा राहिला. "जलेबी नहीं, काका? तबियत तो ठीक है?" मी "हव", म्हणजे हो, म्हणून निघालो. बाजारातून एक कोहळा घेतला. विजया दर हिवाळ्यात इथल्या शेजारणींसारखी कोहळ्याची बडी, म्हणजे सांडगे, घालायची आणि कावळे हाकलायला ईराला गच्चीवर बसवायची. उन्हात जाऊन बस म्हटलं तर तेरा वर्षांची पोट्टी बसत नाही. काम दिलं तर बसेल, असं वाटलं.

उडदाची डाळ रात्री भिजत घातली होती. ती वाटली, कोहळा किसून पिळला. मग ईराने पीठ फेटलं. फेटलेला थेंब पाण्यावर तरंगला पाहिजे, एवढंच मला ठाऊक. आमचा बुडत होता.

"आबा, आजी इतना पतला नहीं बनाती थी."

"तुझ्या आजीनं मले शिकवलं नाही."

"आपने पूछा ही नहीं होगा."

अकरा वाजता आम्ही गच्चीवर जुन्या साडीवर बड्या घातल्या. काही पसरून पापडासारख्या झाल्या. ईरा बाह्या वर करून काठी घेऊन बसली. मी तिच्याजवळ बसलो.

"आज जिलेबी नहीं लाए," ती म्हणाली.

"नाही."

"भैय्यालाल की दुकान बंद थी?"

"चालू होती. मीच नाही आणली. आता आणणार नाही."

दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. ती रुसेल असं वाटलं. ती काठीने गच्चीवर रेघा मारत राहिली. मग म्हणाली, "आबा, मैंने आजी को दी थी."

"काय?"

"जिलेबी. उस दिवाली में. आपने डब्बा ऊपर रखा था. मैं स्टूल पर चढ़ी. आधी आजी को दी, आधी मैंने खाई." ती थांबली. "उसी से हुआ था क्या?"

तेव्हा ही अकरा वर्षांची होती. मी नाही म्हटल्याचं ओझं मनात ठेवून बसलो होतो, आणि ही दिल्याचं. एकाच घरात, एकाच ताटलीतून जिलेबी खात होतो आम्ही.

"नाही, बेटा. तिची किडनी वर्षभर आधीच गेली होती. अर्ध्या जिलेबीनं काही झालं नाही."

"पक्का?"

"पक्कं. माझ्यावर भरवसा नसेल तर देवयानी डॉक्टरले विचार."

तिने नाक बाहीला पुसलं. काही वेळाने मी विचारलं, "खाताना काय म्हणे तुझी आजी?"

"बोली, ठंडी हो गई है." मग तिने आजीच्या आवाजात म्हणून दाखवलं, "तुझ्या आबाले सांगू नको, थे रडतीन."

मी खाली बड्यांकडे पाहत राहिलो. ईराने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचं शहाणपण.

कठड्यावर कावळा आला. ती काठी घेऊन धावली, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा. धापा टाकत परत आली.

"तो परसों?"

"परवाही नाही. तुझ्या वाढदिवसाले एक."

"एक में क्या होगा, आबा."

"त्यातली अर्धी मी खाईन."

"बहुत कंजूस हो," ती म्हणाली आणि हातातलं रबर काढून तिने केस वर बांधले. मानेवरचा पट्टा तसाच होता. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे. मी तिला मानेबद्दल काही बोललो नाही. बड्या उलटवायला अजून दोन तास होते. आम्ही बसून राहिलो.