धुतलेला गोठा

पहाटे साडेपाचला बहिणीची गाय उठली नाही. भावाने शेपटी पिरगाळली, पुढ्यात हिरवा चारा टाकला. तिने मान कुशीकडे वळवली आणि तशीच पडून राहिली. मागे शेण कसलं, आंबूस वासाचं पाणी होतं आणि त्यात मक्याचे कण. त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्या येईपर्यंत गोठा घासूनपुसून धुऊन काढला.

गाय त्याची नव्हती. धाकटी बहीण ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली तेव्हा नुकतीच व्यालेली गाय त्याच्या हवाली करून गेली होती. आधी कोरडा चारा, मग खुराक, आणि खुराक वाढवायचा तो मूठमूठभर, असं तिने बजावलं होतं. "गाय आहे की जावई?" म्हणून त्याने तिची टर उडवली होती. मग त्याला दूध वाढवून दाखवायची हौस आली. चाऱ्याला कात्री लावून तो पाटीने मक्याचा भरडा ओतू लागला. दूध वाढलंही. लगेच दवाखान्यात फोन करून त्याने आपल्या हाताच्या गुणाची फुशारकी मारली.

डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या गोठ्याच्या स्वच्छतेचं कौतुक केलं. त्याला मान वर करवेना. खायला काय घालता, या प्रश्नावर तो 'नेहमीचंच' म्हणाला. नुकतीच व्यालेली म्हणजे कॅल्शियम कमी पडलं असणार, असं धरून त्यांनी शिरेतून औषध दिलं. एवढ्यावर गाय उठायला हवी होती. उठली नाही.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. त्याच्या बायकोने न राहवून तिला कळवलं होतं. डॉक्टरीणबाईंना ऐकू जावं म्हणून त्याने स्पीकर लावला.

"दादा, तू जिवाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "व्यायच्या आधी मीच लाडाने तिला जास्त चारलं. डॉक्टरांना तसं सांग."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"तू नाही, मी," तो म्हणाला. "दोन्ही वेळा पाटीभर भरडा. आणि शेण मी धुऊन टाकलं."

डॉक्टरीणबाई गाडीतून नळी आणायला गेल्या.

"रवंथ करतेय का?" बहिणीने विचारलं.

त्याने नाही म्हटलं. तिने फोन ठेवला.

भरड्याने पोटात आंबलेलं पाणी नळीने काढलं, खायचा सोडा पाजला. दुपारी गायीने मागचं अंग अर्धवट उचललं आणि पुन्हा खाली बसली. संध्याकाळपर्यंत तिने रवंथ केलेला नाही. बहिणीचा फोनही आलेला नाही.