पायाखाली काही येत नाही असा महिना

मावशीने अहवालाचं एकोणचाळिसावं पान तिसऱ्यांदा उलटून पाहिलं, मागे आणखी काही छापलं असेल म्हणून. मागची बाजू कोरी होती. पठारावरच्या वनस्पतींची यादी अडतीस नावांवरच आटोपली होती, आणि त्यातली निम्मी गवतं होती.

समोरच्या स्टुलावर भाचा चहा फुंकत बसला होता. हा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वनस्पती संग्रहालयातल्या याच खोलीत, वाळवलेल्या झाडांच्या कपाटांमधून हुंदडत तो मोठा झाला. पानावरून झाड ओळखायला तिनेच त्याला शिकवलं. आता तो सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीत साहेब होता आणि मावशीला त्याचं कोण कौतुक!

"आभारांत पहिलं नाव तुझं आहे. पाहिलंस का?" तो म्हणाला.

"यादीत ठेंगणी नाहीये."

ठेंगणी हे मावशीनेच लाडाने ठेवलेलं नाव. बोटभर उंचीचं, पांढऱ्या फुलाचं ते रोप या एका पठाराखेरीज कुठेच उगवत नसे. पावसाळ्यातले पंधरा दिवस डोकं वर काढायचं, उरलेलं वर्ष जमिनीखाली कंद होऊन झोपायचं, असा त्याचा खाक्या. पाऊस पुढेमागे व्हायला लागल्यापासून तेही गडबडलं होतं. पूर्वी या दिवसांत पाय ठेवायला जागा नसे. गेल्या वर्षी जेमतेम अकरा फुलं दिसली.

"आम्हाला दिसली नाही. दिसलं तेवढंच लिहायचं असतं."

"सर्वेक्षण केलंत कधी?"

त्याने कप खाली ठेवला. "उन्हाळा संपता संपता. नियमात कुठे महिना दिलाय?"

मावशीला तो फोन आठवला. 'मावशी, पठारावर फिरताना काही पायाखाली येणार नाही असा महिना कोणता गं?' त्या प्रश्नाने तिला भरून आलं होतं. पोराला अजून झाडांची काळजी आहे, असं तिने शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. आणि त्याला महिनाच काय, आठवडासुद्धा सांगितला होता. केसाने गळा कापला होता पोराने, आणि केसही तिच्याकडूनच मागून नेला होता.

"सौर पॅनेल बसणार आहेत गं तिथे," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "कोळसा नाही, धूर नाही. तूच ना पावसाच्या नावाने बोटं मोडत असतेस? मग हे चांगलंच की."

"हरकत घ्यायची मुदत कधीपर्यंत आहे?"

"शुक्रवार. पण नुसते फोटो चालत नाहीत. याच वर्षीचा नमुना लागतो, कंदासकट, आणि तोही दोन रोपांचा. एक हरकतीच्या अर्जासोबत, एक संग्रहालयात." तो हसला. "कमी झाल्यापासून तू एक तरी ठेंगणी उपटलीयस का? नाही उपटायचीस तू. मी काय ओळखत नाही तुला?"

तो हे प्रेमाने म्हणाला, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तिच्या मायेच्या भरवशावर तो निर्धास्त होता.

"चहा निवला तुझा," एवढंच ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी ती पहिल्या गाडीने निघाली आणि गुडघ्यांना शिव्या घालत पठार चढली. खडकांवर खांबांच्या जागा लाल रंगाने आखून झाल्या होत्या. सगळं पठार तिने वाकून वाकून धुंडाळलं. दुपार कलताना एका खोलगट जागी तीन ठेंगण्या दिसल्या, जवळजवळ उभ्या. चौथी कुठेच नव्हती.

ती त्यांच्याजवळ बसली. मग तिने पिशवीतून खुरपं काढलं. पहिलं रोप कंदासकट अलगद सुटलं. तिने ते रद्दी कागदावर ठेवलं, पाकळ्या बोटाने सारख्या केल्या, वर दुसरा कागद घातला. हात सवयीने नेटकं काम करत होते, आणि तिला त्या हातांची शरम वाटत होती. तरी तिने दुसरंही काढलं.

ठेंगणीला आपल्याच परागांनी बी धरत नाही, शेजारी दुसरं फूल लागतं. हे तिनेच वीस वर्षं खपून शोधून काढलं होतं. तिने कागद रोपं दाबायच्या फळ्यांत घातले, पट्टे आवळले आणि तिसऱ्या रोपाकडे पाठ करून ती उतरू लागली.