चौसष्टशेचा वेग आणि गोजरनानांचा फोटो

अठ्ठेचाळीसशे हा आकडा भूमिकाच्या डोळ्यांत कुसळासारखा सलत होता. संदेशदादाच्या कॉम्प्युटरची मेमरी त्या वेगाने चालत होती, आणि त्याच मेमरीच्या पट्ट्या ज्या खोक्यातून आल्या त्यावर ठळक छापलेलं होतं, चौसष्टशे! म्हणजे शर्यतीचे बैल आणायचे आणि शेणखताच्या गाडीला जुंपायचे, तसला प्रकार.

संदेशदादा तिचा चुलतभाऊ. टोकावड्यात माळशेजच्या रस्त्याला लागून त्याच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्याचा स्टुडिओ. हळदी आणि लग्नांचं शूटिंग करायचं, आणि या मशीनवर बसून त्याची फिल्म बनवायची, हा त्याचा धंदा. दोन्ही घरांचं अंगण एकच, त्यामुळे भूमिका पुस्तकं घेऊन इकडे यायची आणि पुस्तकं बाजूला ठेवून मशीनवर बसायची. अकरावी सायन्सला मुरबाडला जायला लागल्यापासून तर तिला आपल्याला सगळं जमतं असं वाटायला लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर बरंचसं जमतही होतं. दादाने तिला खोलीची चावी दिली होती. फोटो नीट करणं, नावं टाकणं, फिल्म बाहेर काढणं ही कामं ती एकटी करायची.

मेमरी आणली तेव्हा दादाने ती चौसष्टशेवर चालवून पाहिली होती. मशीन उठलंच नाही. कल्याणचा दुकानदार म्हणाला, "तुमच्या बोर्डाला झेपत नाय, राहू दे हाय तसं." दादाने राहू दिलं. भूमिकाने नाही राहू दिलं. ती त्या मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर अधूनमधून डोकावत राहिली आणि या आठवड्यात तिला हवं ते सापडलं. नवं फर्मवेअर. बटण दाबल्यावर मशीनमध्ये सगळ्यांत आधी जो छोटा प्रोग्राम जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो, त्याची नवी आवृत्ती. खाली लिहिलेलं होतं की वेगवान मेमरी आता नीट चालेल.

रविवार उजाडला तोच ही संधी हातात घेऊन. दादा पहाटेच शहापूर तालुक्यात किन्हवलीला गेला होता. तिथे मनस्वी नावाच्या नवरीची आज हळद होती, मांडवात मोठा एलईडी पडदा लागणार होता आणि त्यावर दाखवायची फिल्म काल पूर्ण होऊन दादाच्या खिशात गेलेली होती. मशीन रिकामं. भेंडीच्या शेतांवरचे पंप सुरू व्हायच्या आधी, लाइट पूर्ण दाबाने असतानाच भूमिकाने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावरची पट्टी सरकत गेली. ती नखं खात बसली. झालं! लगेच सेटिंगमध्ये जाऊन तिने चौसष्टशे टाकलं, आणि तेवढ्यात अनिताकाकीने, म्हणजे दादाच्या आईने, हाक मारली, "भूमे, भाकरी निवतेय गो!" भाकरी खाऊन परत येते तो पडद्यावर मशीन हसतंय. चौसष्टशे. भूमिकाने खुर्चीसकट गोल गिरकी घेतली.

इथे थांबली असती तर ती भूमिका कसली?

चौसष्टशे झालं, तर अडुसष्टशे का नाही? खोक्यावर छापलंय ते तर कुणीही चालवेल. तिने अडुसष्टशे टाकलं, एंटर दाबलं आणि पडदा काळा झाला.

त्याच क्षणी फोन वाजला. दादा.

"भूमी, ऐक. लफडं झालंय. फिल्ममधी गोजरनानांचा फोटो नाय."

"कोण गोजरनाना?"

"नवरीचा सख्खा चुलता! भाऊबंदांचे फोटो टाकले ना आपण, आपले नम्र, आपले नम्र करत... त्यात बारकी बारकी पोरं हायत, नि नाना नाय. त्यांनी बघितली फिल्म मोबाइलवर. आता घरात बसलेत दार लावून. सांगतात, मांडवात पाय टाकनार नाय."

भूमिकाने काळ्या पडद्याकडे पाहिलं. बॅनरवर फोटो राहिला म्हणून दोन वर्षं न बोलणारे भाऊ तिने टोकावड्यातच पाहिले होते. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सख्खा चुलता नसेल तर नवरीला हळद लागेल, पण घर कायमचं फाटेल.

"फोटो पाठवलाय तुला. टाक नि नवीन काढ. मनस्वीचा भाऊ वाल्मिक गाडी घेऊन येतोय न्यायला. मशीन ठीक हाय ना?"

"हो," ती म्हणाली. जीभ अशी सटकन खोटं बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं.

पडदा काळाच. जाळीतून आत पंखे फिरताना दिसत होते, मेमरीच्या पट्ट्यांशेजारी एक पिवळा दिवा पेटलेला होता. भूमिका उभी राहिली. बसली. पुन्हा उभी राहिली आणि बटण दाबून धरून मशीन बंद केलं. चालू केलं. काळं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तिसऱ्यांदा ती जरा थांबणार होती, तर खोलीतला बल्ब लाल झाला. शेतावर पंप लागून व्होल्टेज पडलं होतं. आतून काकी धावत आली आणि खटकन मेन स्विच खाली ओढला.

"काकी! मशीन चालू होतं गो!"

"मग जळू दे का? मागल्या उन्हाळ्यात बोअरची मोटर जळली तवा हंडे कोनी वाहिले? तू व्हतीस का डोक्यावर घेयाला?"

या घराची ती रीतच पडली होती. बल्ब लाल झाला की जो मेनच्या जवळ असेल त्याने तो पाडायचा, विचारायचं नाही. दादाच्या यूपीएसची बॅटरी तर केव्हाच बसलेली, त्यामुळे मेन पडला की मशीनही पडायचं.

लाइट सुधारल्यावर भूमिकाने मशीनची पिन काढून बाजूचा पत्रा उघडला आणि मदरबोर्डवरचा बिल्ल्याएवढा गोल सेल काढून परत बसवला. असं केलं की मशीन सगळ्या सेटिंग विसरतं आणि मूळ जागी येतं, एवढं तिला ठाऊक होतं. आता उठेल. चालू केलं. पिवळा दिवा. काळं. तिचे पाय आपोआप खोलीभर फिरायला लागले. दारापर्यंत, खिडकीपर्यंत, टेबलापर्यंत. मग बोट बटणावर. बंद. मशीन मेलं असेल का? दादाचं मशीन आपण मारलं का? पुन्हा चालू, तर बल्ब लाल, काकीची चप्पल फटफटली आणि मेन खटकन खाली.

फोन आला. दादाच. "वाल्मिक निघाला. सरळगावात येईल इतक्यात. लावलंस ना?"

"दादा... लावते."

"भूमी, काय झालंय?"

"मशीन उठत नाय."

पलीकडे ढोलकी वाजत होती. दादा हळू म्हणाला, "हात लावलास ना वेगाला?"

"हो."

"संध्याकाळपर्यंत उठलं नाय तर चावी आईकडं दे. आनि परत मागू नको." फोन बंद.

चावी! भूमिका फोन घेऊन घरामागच्या बांधावर पळाली. तिच्या फोनचं नेट टोकावड्यात फक्त तिथे नीट मिळायचं. सिद्धगडाच्या बाजूने गरम वारा येत होता आणि पान उघडता उघडत नव्हतं. उघडलं तेव्हा मदरबोर्डच्या कंपनीने सवालजबाबात स्पष्ट लिहिलेलं तिने वाचलं. फर्मवेअर बदललं किंवा सेटिंग पुसली की मशीन पहिल्यांदा उठताना मेमरीची ओळख करून घेतं. प्रत्येक पट्टीशी कसं बोलायचं ते तपासून ठरवतं. त्याला बराच वेळ लागतो, तोवर पडदा काळा राहतो. वीज बंद करू नका.

भूमिका बांधावरच बसली. मशीन मेलं नव्हतंच! ते बिचारं सकाळपासून हजेरी घ्यायला बसत होतं, आणि निम्म्यात आलं की कधी ती, कधी काकी त्याचा कान धरून उठवत होती. उठवलं की पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात. सकाळी ते उठलं ते फक्त ती भाकरी खायला गेली म्हणून. तिच्या हुशारीने नव्हे.

ती आली ती थेट मेनपुढे जाऊन उभी राहिली.

"काकी, आता लाइट कितीपन लाल होवो, मेन पाडायचा नाय."

"आनि मोटर?"

"मोटरचं बटन बंद. फ्रिजची पिन काढते, टीव्हीची काढते. घरात फक्त मशीन चालू राहील. जळलं तर तेच जळेल."

काकीने तिच्या बोटांकडे पाहिलं. "आनि तुझा हात? तू काय कमी दाबलंस का सकाळपासून? मला ऐकायला येतंय आतून, ठक ठक."

"मग माझे हात बांध," भूमिका म्हणाली.

काकीने हात बांधले नाहीत. मोड आलेल्या वालाचं पातेलं आणून तिच्यापुढे ठेवलं, पाण्याने काठोकाठ. "हं, डाळिंब्या सोल. ओल्या हातानं मशीनला शिवलीस तर फटका मशीन देईल, मला द्यायला नको."

भूमिकाने मशीन चालू केलं आणि दोन्ही हात पातेल्यात घातले. पिवळा दिवा. काळा पडदा. वाल दोन बोटांत दाबला की साल सुटून डाळिंबी टुणकन उडायची. पहिल्या दहाबारा तर भिंतीवरच गेल्या. रस्त्यावरून एसटी घाटाकडे गेली आणि खिडकी थरथरली. वाल्मिक कुठवर आला असेल? पडदा काळा. नाकाला खाज सुटली. पाय हलत होते, गुडघा पातेल्याला लागून पाणी डुचमळत होतं.

"पाय थांबव," काकी म्हणाली.

"थांबत नाय गो."

आणि बल्ब लाल झाला.

काकी उठली. तिला कुणी उठवलं नाही, तिचे पायच उठले. ती विजेच्या बोर्डापाशी गेली, हात वर गेला, बोटं मेनच्या दांड्यावर टेकली. भूमिकाच्या तोंडात ओरडणं तयार होतं. पण ओरडलं की दचकून हात खाली येणार, हे तिला दिसत होतं. तिच्या मुठीत वालाचा चेंदा झाला. काकी बल्बकडे बघत होती, बल्ब विस्तवासारखा मंद मंद होत होता. मग तो एकदा मिचकला आणि पिवळा झाला. काकीने हात पदराला पुसला, जणू तिथे काही लागलंच होतं.

"ते बग," ती म्हणाली.

पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं होतं.

भूमिका ओले हात वर धरून नाचली, मग ड्रेसलाच पुसले. मशीन सगळं विसरलेलं होतं. वेग अठ्ठेचाळीसशे. तिने त्या आकड्याकडे पाहिलंही नाही. फिल्म उघडली, गोजरनानांचा फोटो घातला. फेटा, मिशा, मागे नवा ट्रॅक्टर. नवरीच्या बापाच्या शेजारी, सगळ्या बारक्या पोरांच्या वर. फिल्म काढायला लावली आणि दादाला फोन केला.

"उठलं."

दादाने एवढा मोठा श्वास सोडला की फोनमधून वारा आला. "किती वेळ दाखवतंय?"

तिने सांगितलं.

"अरे! वाल्मिक तर तुझ्या दारात पोचला असंल. सकाळी चाललेलं ना ते चौसष्टशेवर? मग चढव पुन्हा. लवकर निघंल."

हे ऐकायला ती सकाळी काय वाटेल ते द्यायला तयार होती! बोटं शिवशिवली. एकदा बंद, एकदा चालू, की झालं. पण सकाळी चाललं म्हणजे काय? तिने गिरकी घेतली होती, तपासलं कुठे होतं? मेमरीला वेगात एखादी गोष्ट चुकीची आठवली, तर मशीन बोंब मारत नाही. गुपचूप चुकीचं लिहितं. आणि मग भर मांडवात, एवढ्या मोठ्या पडद्यावर, नेमक्या गोजरनानांच्या मिशीचे चौकोन चौकोन होतात.

"नाय दादा," ती म्हणाली. "हाय त्याच वेगावर काढते. चौसष्टशेनं फिल्मला फार फरक पडत पन नाय, थोडाच पडतो. मीच उगाच... वाल्मिकदादाला मी थांबवते."

"तो थांबणारा नाय हां."

खरंच नव्हता. वाल्मिक आला तो हॉर्न वाजवतच. "झाली का? चला, द्या!" पट्टी निम्म्यावरही नव्हती. तो खोलीत आला, बाहेर गेला, गाडीला टेकला, परत आला. "ताई, जरा फास्ट नाय का होत? तिकडं माझी आई नानांच्या दारात उभी हाय."

भूमिकाला वाटलं, आरशात बघतेय. "होतं फास्ट. पण करायचं नाय," ती म्हणाली. "बसा ना. नाहीतर सोला." आणि तिने पातेलं त्याच्याकडे सरकवलं. काकी कपाळाला हात लावत म्हणाली, "अगो, हळदीच्या घरचा मानूस तो!" पण वाल्मिक खरंच बसला आणि त्याच्या डाळिंब्यासुद्धा भिंतीवर उडायला लागल्या.

फिल्म निघाली. भूमिकाने घाई न करता नानांचा भाग पुढे-मागे करून दोनदा पाहिला. मिशी शाबूत होती. वाल्मिक पेनड्राइव्ह घेऊन असा पळाला की चहाचा कप तसाच राहिला.

संध्याकाळी दादाचा फोन आला तेव्हा मागे बेंजो दणकत होता आणि दादा ओरडून बोलत होता.

"नाना आले! पहिल्या खुर्चीत बसलेत!"

"मग? खूश ना?"

"कसले खूश! म्हनतात, नवरीच्या मामाचा फोटो माझ्यापेक्षा मोठा का?"

भूमिका इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "दादा, चावी काकीला देऊ?"

"आईला काय करायचीय चावी? तुझ्याकडं ठेव. उद्या मी दिवसभर झोपनार, मशीन रिकामं हाय. चढव चौसष्टशेवर. पन काम करायच्या आधी मेमरीची तपासनी लाव, नि मला सांगून लाव."

"आत्ता लावू?"

"भूमी!"

"बरं बरं, उद्या," ती म्हणाली, आणि फोन ठेवून अंगणात गेली. उद्यापर्यंतचा वेळ कसा काढायचा ते काही तिला कळेना, म्हणून तिने अंगणाला एक चक्कर मारली, मग दुसरी.