सरी कुणी मोकळी सोडली?

शेतकी खात्याची गाडी बांधाशी थांबली, तेव्हा ती तुरीत वाकून तण काढत होती. गाडीतून साहेब उतरले, मागच्या टेम्पोतून हे शेत बघायला आलेले आसपासचे पंधरा-वीस शेतकरी. थोरले दीर इस्त्रीचा शर्ट घालून आधीच बांधावर हजर. तिला म्हणाले, "पाहुण्यांना पाणी आण गं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीन वर्षांपूर्वी नवरा शहरात कामाला गेला आणि हा उताराचा तुकडा तिच्या गळ्यात पडला. ती खात्याच्या शिबिरात बसून शिकली: पेरणी उताराला आडवी करायची, दर सहा ओळींमागे एक सरी मोकळी सोडायची, म्हणजे पाणी तिथं मुरतं. कापणीनंतर उरलेली धसकटं जाळायची नाहीत, मातीवर पसरायची. दिरांनी पहिल्या वर्षी बैल दिले नाहीत. "आमची धाकटी आडवं नांगरते," म्हणत चारचौघांत तिची टर उडवली. पसरलेली धसकटं तर त्यांनी काडी लावून जाळली. कचरा दिसला, साफ केला म्हणे! तिनं दुसऱ्यांच्या शेतातून भारे डोक्यावर वाहून आणले. यंदा पावसानं महिनाभर दडी मारली. आजूबाजूच्या तुरीनं माना टाकल्या, तिची तूर उभी राहिली.

"आम्ही ठरवलंच होतं, नवं काहीतरी करायचं," दीर सांगत होते. साहेब वहीत लिहीत होते.

तिनं कळशी दाणकन खाली ठेवली. "भावजी, किती ओळींमागे सरी सोडली, तेही सांगा की."

"ते काय... जमीन बघून ठरतं."

"किती?"

"आठ. दहा धरा."

एक म्हातारा शेतकरी ओळी मोजू लागला. "सहा आहेत," तो म्हणाला.

"धसकटांचं मात्र यांना विचारा. यांनीच जाळली होती!"

साहेब कसनुसे हसले. "ताई, घरातलं घरात मिटवा."

"घरातलं नाही, शेतातलं आहे. नाव कुणाचं लिहिलंत?"

साहेबांनी दिरांचं नाव खोडलं आणि तिच्या नवऱ्याचं लिहिलं. "जमीन त्यांच्या नावावर आहे ना."

"तीन वर्षांत तो इकडे फिरकलाही नाही!" तिचा आवाज चिरकला. साहेबांनी वही मिटली.

मग ती शेतकऱ्यांकडे वळली. "ज्यांना शिकायचंय त्यांनी माझ्यामागं या. ज्यांना लिहायचंय त्यांनी बसा इथंच."

म्हातारा आधी निघाला, मग बाकीचे. ती ताडताड पुढं चालत होती, संताप अजून उतरला नव्हता. म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, धसकटांचा थर किती जाड?"

"चार बोटं," ती खेकसली. मग थांबली, खाली बसली आणि त्याचा हात धरून मातीवर ठेवला. "इथं बघा. अजून ओल आहे."