गलबताची वाटणी

आमच्या बाबांनी शिवलेलं गलबत करवतीने कापायला निघालेत आणि वर मलाच विचारतात, "ताई, एवढं चिडायला काय झालं?"

काय झालं? ऐका. बंदरावरच्या जुन्या गोदामात किनाऱ्याच्या इतिहासाचं संग्रहालय होतंय. या किनाऱ्यावर समुद्राने कुणाकुणाला आणून टाकलंय. दोरवाले, सुतार, शीड विणणारे, पलीकडच्या देशातून आलेले खलाशी. देव वेगळे, घरातली भाषा वेगळी, पण पोटं सगळ्यांची या एकाच धक्क्यावर भरली. तर संग्रहालयात प्रत्येक समाजाला एकेक खोली. छान. भांडण लागलं ते गलबतावरून. दोराने शिवलेलं असं गलबत आता हे एकच उरलंय आणि ते प्रत्येकाला आपल्याच खोलीत हवं.

संग्रहालयाच्या साहेबांनी मग डोकं चालवलं. म्हणे वाटणी करा! फळ्या सुतारांच्या खोलीत, शीड विणकरांच्या. आणि दोर? आमचा चुलतभाऊ दोरवाल्यांचा पुढारी, तो म्हणाला, दोर आमचा. खलाशांचा पुढारी म्हणाला, आतून तुमच्या माणसाने ओढला, बाहेरून आमच्या. शेवटी ठरलं की आतला दोर दोरवाल्यांना आणि बाहेरचा खलाशांना. अहो, दोर एकच! एका भोकातून आत जातो, दुसऱ्यातून बाहेर येतो. भोकाभोकाशी कापणार की काय? हो म्हणे, कापणार. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब बिचारा परका, पण आमच्या लोकांनीही अक्कल गहाण टाकली होती.

गलबत शिवलं ते आमच्या बाबांनी आणि भोंगाकाकांनी. बाबा दोरवाले, काका खलाशी. बाबा आत बसायचे, काका बाहेर, मध्ये जाड फळी. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, म्हणून सगळं ओरडून. काकांना ती सवय जन्माची लागली. आमच्याकडे जेवायला बसले की "मीठ दे!" असं ओरडायचे की शेजारीण मीठ घेऊन यायची.

त्या कामाचा एक नियम होता. आतला विचारणार, "आहेस का रे?" बाहेरच्याने "आहे!" म्हटल्याशिवाय गलबताला कुणीही हात लावायचा नाही. एकदा काकांऐवजी भलत्यानेच "आहे" म्हटलं, बाबांनी दोर ओढला आणि काकांचं बोट गेलं. तेव्हापासून उत्तर ज्याचं त्यानेच द्यायचं. धक्क्यावर हा नियम कधी कुणी मोडला नाही.

कापायच्या दिवशी सकाळी मी बाबांना रिक्षात घालून गोदामात नेलं. पाय चालत नाहीत, पण तोंड शाबूत आहे. "मला आत बसवा," ते म्हणाले. "बघतोच कोण येतो करवत घेऊन." हमालांनी त्यांना उचलून गलबतात त्यांच्या जुन्या जागी बसवलं. चुलतभाऊ माझ्या कानाशी लागला.

"ताई, चारचौघांत शोभा करू नकोस."

"ती तू कधीच केलीस," मी म्हटलं. "मी नुसती बघायला आलेय."

आणि भोंगाकाका? ते पलीकडे, मान खाली घालून, खलाशांच्या पुढाऱ्याच्या मागे उभे. हा पुढारी त्यांचाच पुतण्या.

साहेबांनी खूण केली. म्हाताऱ्या सुताराने करवत उचलली. तेवढ्यात गलबताच्या पोटातून बाबांचा आवाज आला, "आहेस का रे?"

सुताराचा हात थांबला. सगळे काकांकडे बघायला लागले. काका गप्प.

"काका!" मी ओरडले. "ते तुम्हाला विचारतायत!"

गप्पच. मला रागाने रडू फुटलं. "आमच्या घरचं मीठ खाल्लंत आणि आज मूग गिळून बसलात? त्या पोराला घाबरता? लाज नाही वाटत?"

"आहेस का रे?" बाबा पुन्हा.

"आहे!" पुतण्याच ओरडला. "चला, कापा."

"तू नव्हे," म्हणत सुताराने करवत खाली ठेवली. "ज्याला विचारलं त्याने सांगायचं. तोवर मी फळीला हात लावणार नाही."

"अरे, पण आपण थांबलोय कशासाठी?" साहेब वैतागले.

"उत्तरासाठी," सुतार म्हणाला.

पुतण्याने काकांचा दंड धरून हलवला. "काका, म्हणा ना आहे! एक शब्द तर बोलायचाय! आपल्या खोलीचा प्रश्न आहे!" काकांचा चेहरा लालबुंद झाला होता, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, पण ओठ घट्ट मिटलेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या माणसाला हळू बोलणं माहीत नाही, तो जीव खाऊन गप्प राहिला होता. आणि मी शिव्या घालत होते त्यालाच!

काकांनी दंड सोडवून घेतला. लंगडत गलबतापाशी आले, बाहेरच्या बाजूला, त्यांच्या नेहमीच्या जागी, आणि फळीला पाठ टेकून खाली बसले. पुतण्या समोर येऊन हातवारे करत राहिला. काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाठ टेकल्याचं आत कळलं असणार. बाबा खदखदून हसले. मग छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा विचारलं, "आहेस का रे?"